बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

प्रश्न : इन्व्हर्टरवर बॅटरी 100 टक्के चार्ज दिसते, पण वीज गेली की चार-पाच मिनिटांतच ‘लो बॅटरी’ येऊन सगळं बंद पडतं. बॅटरी 12 व्होल्टची, 150 एएच ट्यूब्युलर आहे. बदलावी लागेल का?

उत्तर : इतक्यात नको. साध्या इन्व्हर्टरवरची टक्केवारी बहुतेक वेळा व्होल्टेजवरून बांधलेला अंदाज असते. चार्जिंग सुरू असताना व्होल्टेज 13.5च्या वर गेलेलं असतं, त्यामुळे थकलेली बॅटरीही तिथे ‘फुल’ दिसते. ‘लो बॅटरी’ मात्र लोड चालू असताना इन्व्हर्टरपर्यंत पोचणारं व्होल्टेज साधारण 10.5 ते 11च्या खाली घसरल्यावर येतं. आणि ते बॅटरीतच घसरतं असं नाही, वाटेतही घसरू शकतं.

600 वॅटचा लोड असेल तर 12 व्होल्टच्या बॅटरीतून 50 ते 60 अँपिअर करंट ओढला जातो. टर्मिनलवर क्षार जमून किंवा नट सैल पडून तिथे नुसता 0.02 ओहमचा अडथळा आला, तरी एक व्होल्टहून जास्त त्या जोडातच जातो. बॅटरी 11.8 देते, इन्व्हर्टरला 10.7 दिसतात आणि तो बंद पडतो. अशा वेळी नवी बॅटरी आणून त्याच जुन्या क्लॅम्पला जोडली, तर दोष जिथल्या तिथेच राहतो.

म्हणून आधी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, मेन्स आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून तीन-चार तास तशीच राहू द्या आणि मग मोजा. 12.6च्या वर आकडा आला तर चार्जिंग नीट होतंय. 12.2च्या खाली असेल तर बॅटरी चार्ज धरत नाही किंवा चार्जर पुरेसं देत नाही. आता मेन्स बंदच ठेवून इन्व्हर्टर नेहमीच्या लोडवर चालवा. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर टेकवा. तिथे 0.1 व्होल्टहून जास्त दिसलं की तो जोड खराब. दोन्ही टोकांना हे करा. जोड चांगले असून दोन खांबांमधलं व्होल्टेज पहिल्या मिनिटातच 11च्या खाली आलं, तर दोष बॅटरीतच आहे.

जोड साफ करताना इन्व्हर्टर बंद ठेवा, मेन्सचा प्लग काढा. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने क्षार धुवा, पण ते पाणी सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या कप्प्यांमध्ये, जाता कामा नये. तारेच्या ब्रशने घासा, कोरडं करा, आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह घट्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली लावा. अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. पाना दोन्ही टर्मिनलना एकदम टेकला तर क्षणात लाल होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

दोष बॅटरीत निघाला तरी हायड्रोमीटर (सेलमधल्या ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजणारी नळी) लावल्याशिवाय ती टाकू नका. पूर्ण चार्जनंतर सहाही सेलची ग्रॅव्हिटी साधारण 1.240च्या आसपास आणि एकसारखी असायला हवी. पाच सेल 1.240 आणि एक 1.190 असेल, तर तो एकच सेल सगळी बॅटरी खाली ओढतोय आणि ती बदलावीच लागेल. सगळेच सारखे कमी असतील तर बॅटरी अर्धवट चार्ज होत असण्याची शक्यता मोठी. पाणी नुकतंच घातलं असेल तर रीडिंग फसवं येतं. पाणी डिस्टिल्डच घाला, ॲसिड कधीही नाही.

प्रश्न : 600 व्हीएचा यूपीएस आहे. लेझर प्रिंटरवर पान काढलं की ‘ओव्हरलोड’ येतो. संगणक तर छोटाच आहे.

उत्तर : दोष प्रिंटर तिथे जोडण्यात आहे. 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हे. अशा बऱ्याच यूपीएसची क्षमता 360 वॅटच असते, मागच्या लेबलवर पाहा. लेझर प्रिंटरचा फ्यूझर, म्हणजे कागदावर टोनर वितळवून चिकटवणारा भाग, गरम होताना एकटाच कित्येकशे वॅट घेतो. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा. सगळे प्लग काढूनही ‘ओव्हरलोड’ राहिला तर बिघाड आतला आहे. झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

प्रश्न : ‘साइट वायरिंग फॉल्ट’चा दिवा लागतो, पण यूपीएस चालतो. दुर्लक्ष केलं तर चालेल?

उत्तर : अजिबात नाही. फेज-न्यूट्रल उलटे आहेत किंवा अर्थिंग मिळत नाही, असा याचा अर्थ. अर्थ नसलेलं एक्स्टेन्शन किंवा टू-पिन ॲडॉप्टर मध्ये असेल तर आधी तो काढून पाहा. तरी दिवा राहिला तर इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या : 230 व्होल्टच्या पुरवठ्यात फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. दिवा विझावा म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून देणारे भेटतात, त्यांना ते करू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर अर्थ केलेल्या प्रत्येक उपकरणाच्या धातूच्या बॉडीत करंट येईल.