बायकोच्या 14 तोळे सोन्याची जकात कोणी द्यायची, आणि ती बहिणीला देता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला तीन वर्षं झाली, बायकोचं 14 तोळे सोनं लॉकरमध्ये आहे, तुमच्या खात्यात साडेतीन लाख आहेत, घरकर्जाचा 28,000 चा हप्ता चालू आहे. आजवर जकात, म्हणजे शिल्लक मालमत्तेतून दरवर्षी गरजूंसाठी काढायचा ठरावीक हिस्सा, दिलेली नाही. या रमजानात द्यायची आहे, तर किती? आणि मुंब्र्याला राहणारी विधवा बहीण, मोहल्ल्याची मशीद आणि घरी कामाला येणाऱ्या मावशी, यांच्यापैकी कोणाला चालते?

आधी सांगते, मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली बाई) नाही. एका दुकानात 26 वर्षं जमाखर्च लिहिला आणि घरची जकातही मीच काढते, म्हणून हा हिशेब हाताखालून गेलेला आहे. शेवटचा शब्द तुमच्या मुफ्तीसाहेबांचा.

मला सगळ्यात आधी एकच विचारायचंय: तुम्ही हनफी की शाफई? हे सुन्नी मुसलमानांचे दोन मजहब, म्हणजे धर्मशास्त्राचे पंथ. हा प्रश्न मुंबईत फार महत्त्वाचा आहे. माझं माहेर श्रीवर्धनचं, कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. सासर सोलापूरकडचं, हनफी. माहेरी अम्मीच्या पाटल्यांवर कधी जकात निघाली नाही, कारण बाईच्या रोजच्या वापरातल्या, रीतीला धरून असलेल्या दागिन्यांवर शाफई मजहबात जकात नाही. लग्नानंतर पहिल्याच रमजानात सासूबाईंनी वजनकाटा पुढ्यात ठेवला. मला वाटलं, नव्या सुनेच्या सोन्यावर डोळा आहे! मागाहून कळलं की हनफींकडे सोनं अंगावर असो की डब्यात, जकात लागतेच. दोन्ही मतं जुनी आहेत, दोन्हींमागे दलील, म्हणजे शास्त्राचा आधार, आहे. फक्त द्यायच्या वेळी शाफई आणि घ्यायच्या वेळी हनफी, असं करू नका म्हणजे झालं. तुम्ही कोकणातले नसाल तर बहुधा हनफी असाल, म्हणून पुढचं तसं धरून लिहिते.

दुसरी गोष्ट, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. सोनं बायकोचं आहे ना? मग जकात तिच्यावर आहे, तुमच्यावर नाही. इस्लाममध्ये नवरा-बायकोची मालमत्ता वेगळी, म्हणून हिशेबही दोन. कागदावर मधोमध रेघ मारा. तिची जकात तुम्ही भरू शकता, पण तिला सांगून, तिच्या संमतीनं. तिच्याकडे रोकड नसेल आणि तुम्हालाही जमत नसेल, तर तिनं एखादी अंगठी मोडावी. ऐकायला कठोर वाटतं, पण आमच्या घरात हे एकदा झालंय आणि आभाळ कोसळलं नाही.

आता तिची बाजू. निसाब म्हणजे ज्या मर्यादेपासून जकात लागू होते ती. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, चांदीचा साडेबावन्न तोळे. पण हा तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा. आजचा सोनार 10 ग्रॅमला तोळा म्हणतो. म्हणून ग्रॅममध्येच लक्षात ठेवा: सोनं 87.48 ग्रॅम, चांदी 612.36 ग्रॅम. नुसतं सोनं असेल आणि बाकी काही शिल्लक नसेल, तर सोन्याचा निसाब. सोन्याबरोबर थोडी रोकड किंवा चांदी असेल तर हनफी मुफ्ती सगळ्याची एकत्र किंमत काढून चांदीच्या निसाबाशी ताडून पाहतात. म्हणजे ज्या बाईकडे दोन तोळ्यांची चेन आणि कपाटात थोडे पैसे आहेत, तीसुद्धा जकात देणाऱ्यांत येते. कित्येक जणींना हे माहीतच नसतं.

तुमच्या बायकोचे 14 तोळे म्हणजे 140 ग्रॅम. चाळिसावा हिस्सा, अडीच टक्के, साडेतीन ग्रॅम झाला. जकात काढाल त्या दिवशी सोनार तुमचं 22 कॅरेटचं सोनं ज्या भावानं विकत घेईल तो भाव लावायचा. घडणावळ धरायची नाही, खडे-मोती धरायचे नाहीत. भाव रोज हलतो, म्हणून गणितापुरते ग्रॅमला 10,000 धरू: 35,000 रुपये.

पण तीन वर्षं दिलेलीच नाही म्हणता. मग ती बाकी आहे. बुडाली नाही, माफही झाली नाही. पहिल्या वर्षाची काढून उरलेल्यावर दुसऱ्या वर्षाची, असं उतरत जायचं: 3.5 ग्रॅम, मग 136.5 वर 3.41, मग सुमारे 133.09 वर 3.33. एकूण 10.24 ग्रॅम, वरच्या भावानं 1,02,400 च्या आसपास. एकदम झेपत नसेल तर हप्त्यांनी द्या, पण लिहून ठेवा आणि फेडत राहा.

तुमची बाजू त्यापेक्षा सोपी. राहतं घर, गाडी, फ्रिज, लॅपटॉप यांवर जकात नाही. विकायच्या इराद्यानं घेतलेला प्लॉट असेल तर त्याच्या आजच्या किमतीवर आहे. भाड्यानं दिलेल्या खोलीच्या किमतीवर नाही, शिल्लक राहिलेल्या भाड्यावर आहे. पीएफची सक्तीची कपात हातात येईपर्यंत धरत नाहीत, असं इकडचे बहुतेक हनफी उलेमा (धर्मपंडित) सांगतात. स्वतःहून वाढवलेला हिस्सा मात्र धरायचा. खात्यातलं व्याज तुमचं नाहीच. ते वेगळं काढून सवाबाची (पुण्याची) अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाका. जकातीत वळतं करू नका.

कर्जाचं काय? पूर्ण घरकर्ज वजा केलं तर मुंबईत फ्लॅट घेतलेला कुणीच वीस वर्षं जकात देणार नाही! काही उलेमा फक्त आत्ता द्यायचा असलेला हप्ता वजा करा म्हणतात: 3,50,000 वजा 28,000, उरले 3,22,000, जकात 8,050. काही जण पुढच्या एका वर्षाचे हप्ते वजा करू देतात. तसं केलं तर 3,36,000 जातात, 14,000 उरतात, निसाबाखाली, जकात शून्य. फरक केवढा पडतो बघा. मी पहिलंच मत पाळते. आणि कर्ज तुमच्या नावावर असेल तर ते बायकोच्या सोन्यातून वजा होत नाही. रेघेपलीकडे जायचं नाही.

आता द्यायची कोणाला. कुराणात सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत आठ हकदार मोजून दिलेत: फकीर, मिस्कीन (दोन्ही गरिबांचेच प्रकार), जकात गोळा करणारे, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामीतून सुटणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या वाटेतले आणि वाटेत अडकलेला मुसाफिर. हनफींमध्ये यातल्या एकालाच सगळी दिली तरी चालते. आईवडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं आणि जोडीदार यांना देता येत नाही. सय्यद (पैगंबरांच्या वंशातल्या) घराण्यालाही नाही.

बहिणीला चालते. चालते काय, तिचा हक्क आधी, कारण नातेवाइकाला दिलं की सदक्याचाही (दानाचाही) सवाब आणि नातं जपल्याचाही. पण तिच्याजवळ काय आहे ते पाहा. गरजेपलीकडचं सामान, सोनं, पैसा मिळून, कर्ज वजा करता, 612 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकं झालं, तर ती घेणाऱ्यांत बसत नाही. लग्नातल्या दोन बांगड्या जपून ठेवलेली विधवा इथेच अडते. अशा वेळी भाच्यांचा विचार करा. बाप हयात नसलेलं लहान मूल आईच्या सोन्यामुळे मालदार ठरत नाही. त्याच्या नावानं द्या, आई त्याच्या वतीनं ताब्यात घेईल आणि त्याच्यावरच खर्च करेल. आणि हो, ‘ही जकात आहे’ असं तोंडावर सांगायची गरज नाही. देताना तुमच्या मनात नियत असली की पुरे. ‘मुलांच्या ईदला’ म्हणून पाकीट ठेवा. मी तर शाबानमध्येच, रमजानच्या आधीच्या महिन्यात, देते, म्हणजे रमजानचा किराणा वेळेत भरता येतो.

मशिदीला नाही. कारण घेणारा माणूस त्या पैशाचा मालक झाला पाहिजे, आणि इमारत मालक होत नाही. मशिदीच्या पंख्याला, फरशीला वेगळा सदका द्या. याच कारणानं भाच्याची फी परस्पर शाळेत भरू नका. पैसे आईच्या हातात द्या, किंवा तिच्या सांगण्यावरून भरा. तसंच, मित्राकडे अडकलेली उधारी ‘जा, जकात समज’ म्हणून सोडून चालत नाही. आधी त्याला जकात द्या, मग त्यातून त्यानं तुमची उधारी फेडली तर हरकत नाही.

रमजानात पावतीपुस्तक घेऊन दारी येणाऱ्यांबद्दल. बरेच सफीर (मदरशांसाठी वर्गणी गोळा करणारे) खरे असतात, दूरच्या मदरशांतून उन्हातान्हात आलेले. पण मी एकदा छापील पावती पाहून 6,000 दिले आणि नंतर त्यावरचा नंबर लावला, तर तो कुठल्यातरी सलूनचा निघाला. तेव्हापासून अनोळखी पावतीला पन्नास-शंभरचा सदका, जकात नाही.

कामाच्या मावशींचं: त्या हिंदू आहेत असं तुम्ही लिहिलंय. चारही मजहबांत जकात मुसलमान गरजूसाठीच राखलेली आहे. पण नफल (ऐच्छिक) सदका कुणालाही देता येतो, त्यांच्या मुलीच्या वह्या-पुस्तकांना जरूर द्या. त्या मुसलमान असत्या तरी दिवाळी-ईदच्या बोनसऐवजी जकात चालली नसती. बोनस हा कामाचा मोबदला झाला.

फितरा, म्हणजे रमजान संपताना द्यायचं वेगळं दान, यात मिसळू नका. तो घरातल्या प्रत्येक माणसामागे, ईदच्या नमाजाआधी. माहेरी अजून माणशी अडीच-तीन किलो तांदूळ मोजून देतात, सासरी गव्हाच्या भावानं पैसे.

राहिली तारीख. रमजान ही सक्ती नाही. ज्या हिजरी (इस्लामी चांद्र कॅलेंडरच्या) तारखेला निसाब पहिल्यांदा हातात आला, ती तुमची तारीख. हिजरी साल 354-355 दिवसांचं असतं, म्हणून 31 मार्चला हिशेब करणाऱ्यांचं साधारण 33 वर्षांत एक अख्खं वर्ष बुडतं. बायकोला सोनं निकाहच्या दिवशी मिळालं असेल तर निकाहनामा काढा. मुंबईतल्या बऱ्याच निकाहनाम्यांवर इंग्रजी तारखेशेजारी हिजरीही लिहिलेली असते.