फ्लॉरेन्स: आईबाबांसोबत जुन्या पलाझ्झोतलं गेस्टहाऊस घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की आईबाबा बरोबर आहेत तर स्टेशनजवळचं नेहमीचं हॉटेल बरं, की नदीपलीकडे सांतो स्पिरितो चर्चच्या बाजूचं ते चित्रांनी भरलेलं गेस्टहाऊस. मी म्हणेन गेस्टहाऊसच घ्या, फक्त पैसे भरायच्या आधी मेल करून विचारा की खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, कारण फोटोत छत दिसतं, जिना दिसत नाही. या जुन्या पलाझ्झोंचे, म्हणजे तिथल्या मोठ्या वाड्यांचे, मजले चांगलेच उंच असतात आणि आईंच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय.

आता एवढा आग्रह का ते सांगतो. मी तिकडे राहिलो तेव्हा खोलीच्या लाकडी तुळया रंगवलेल्या होत्या, वेलबुट्टी, मधेमधे छोट्या ढाली, आणि सकाळी खिडकीची झडपं जरा किलकिली केली की उजेड लाल फरशीवर पडून वर जायचा, तेव्हा कुठे त्यातला निळा रंग उठून दिसायचा. पलंगावर पडल्या पडल्या बघत बसायचं. उफित्सी या मोठ्या चित्रसंग्रहालयात हे सुख नाही हो, तिथे मागून गर्दी ढकलत असते. आणि घरातलं चित्रकाम हे तिथे मुळात रोज डोळ्यासमोर राहावं म्हणूनच केलेलं. पलाझ्झो दावान्झाती बघाच, १४व्या शतकातलं श्रीमंत माणसाचं घर, आता म्युझियम आहे, खोल्यांच्या भिंती रंगवलेल्या, एका खोलीत तर पोपटच पोपट. आणि सान मार्कोचा मठ अजिबात चुकवू नका, १४४०च्या आसपास फ्रा अँजेलिको या चित्रकार साधूने आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी साधूंच्या खोल्याखोल्यांतून भित्तिचित्रं काढली, खोली एवढीशी, त्यात एक खिडकी आणि एक चित्र, बास.

बाकी किरकोळ. बाहेर बोर्ड बऱ्याचदा नसतोच, दारावरच्या पितळी पट्टीवर बेलशेजारी नुसती आडनावं असतात, त्यामुळे कुठली बेल दाबायची ते आधीच विचारून ठेवा. रात्री रिसेप्शनला कोणी असेलच असं नाही, उशिरा पोचणार असाल तर तसं कळवा. पासपोर्ट सगळ्यांचे मागतात, पोलिसांकडे नोंद करावी लागते त्यांना, घाबरायचं काही नाही. टुरिस्ट टॅक्स माणशी दर रात्रीचा असतो, बहुतेक वेळा तो तिथे गेल्यावर वेगळा भरायचा. उन्हाळ्यात जाणार असाल तर एसीची खात्री करा, डासही असतात. आणि भाड्याची गाडी घ्यायचीच असेल तर फ्लॉरेन्स सोडायच्या दिवशी घ्या, जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे लावलेत, दंड थेट घरी येतो.