कॅटलॉगमधलं वाक्य पाकिटावर आहे का, ते आधी बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं दहा गुंठ्यांत भाजी करायची आहे, पोस्टानं रंगीत कॅटलॉग आलाय, त्यात 'बारमाही फ्लॉवर, १०० टक्के उगवण, रोगमुक्त, सरकारमान्य' असं छापलंय आणि शेवटच्या पानावर सफरचंद नि चंदनाची रोपं आहेत, मागवू का, असं तुम्ही विचारलंय. यातल्या 'बारमाही फ्लॉवर' या दोन शब्दांनी आमचा एक अख्खा हंगाम नेलाय.

मी वकील नाही, कृषी पदवीधरही नाही. मार्कंडेय नदीच्या काठाला भाजीचं शेत आहे, एवढंच. कायद्याचं जे सांगतोय ते तुमच्या बाजूच्या जाणकाराकडून एकदा पडताळून घ्या. वाफे कसे करायचे, तरू किती दिवसांचं लावायचं, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

'१०० टक्के उगवण' हे वाक्य दिसलं की मी ते पान उलटतो. प्रयोगशाळेत साधारण ४०० दाणे लावून उगवण मोजतात आणि आपल्याकडच्या प्रमाणकांत किमान उगवण फ्लॉवरला ६५ टक्के, कोबी, टोमॅटो नि वांग्याला ७०, मिरचीला ६० टक्के धरलेली आहे. चांगलं बी याच्या वर जातं, पण शंभर कुणी लिहून देत नाही. तीच कंपनी पाकिटावर काय लिहिते ते बघा. तिथं '६५ टक्के किमान' असंच असणार, कारण पाकिटावरच्या लेबलाला १९६६ चा बियाणे कायदा लागतो. कॅटलॉग म्हणजे नुसती जाहिरात. जे वाक्य कॅटलॉगमध्ये आहे पण लेबलावर नाही, त्याला बी विकत घेताना शून्य किंमत द्या, असं माझं ठाम मत आहे.

'सरकारमान्य'चंही तसंच. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, तो प्रमाणीकरण यंत्रणेचा. पायाभूत बियाण्याला पांढरा. खाजगी कंपन्यांचं बहुतेक भाजीपाल्याचं बी हिरवट लेबलाचं, म्हणजे सत्यप्रत असतं. त्यावरचे आकडे कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेले असतात, बाहेरच्या कुणी तपासून शिक्का मारलेला नसतो. सत्यप्रत वाईट नसतं, आम्हीही तेच लावतो. पण विक्रीचा परवाना असणं म्हणजे सरकारनं तो वाण चांगला आहे असं सांगणं नव्हे. परवाना नंबर मोठ्या अक्षरात छापून कॅटलॉग नेमका हाच गैरसमज करून देतात, आणि मला याचा मनापासून राग येतो.

'रोगमुक्त' असं नुसतं लिहिलं असेल तर विचारा, कुठला रोग? प्रामाणिक दावा रोगाचं नाव घेतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक टोमॅटो बघा: पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, अशी तीन नावं घेऊन ते सांगतात. त्या नावांत नसलेल्या कुठल्याही रोगाबद्दल त्यांनी शब्द दिलेला नाही. शिवाय 'प्रतिकारक' आणि 'सहनशील' यात फरक असतो. सहनशील वाणावर रोग येतो, फक्त उत्पन्न एकदम बसत नाही.

आता फ्लॉवरचं. फ्लॉवर बारमाही नसतं. जात बघून बारा महिन्यांतला बराच काळ भागवता येतो, पण एकच जात सगळ्या हंगामांत गड्डा धरत नाही. लवकर येणाऱ्या जातींच्या गटाला गड्डा धरायला २० ते २७ अंश चालतात, मधल्याला १२ ते २०, आणि स्नोबॉल गटाला १० ते १६ अंशांची थंडी लागते. थंडीतली जात पावसाळ्यात लावली तर झाड जोमानं वाढतं, पानंच पानं येतात, गड्डा धरत नाही. उलट लवकरची जात उशिरा लावली तर झाड लहान असतानाच बटणाएवढा गड्डा येऊन बसतो.

आमच्याकडं पहिला प्रकार झाला. कॅटलॉगमध्ये 'वर्षभर कधीही लावा' होतं, पाकिटावर नुसतं 'फ्लॉवर, संशोधित' आणि एक क्रमांक. गट नाही, हंगाम नाही. मिरगाच्या पावसावर लागण केली, चतुर्थीच्या सुमारास गोव्याकडं माल जाईल असा हिशोब होता. शेजारच्या शेतात लवकरच्या जातीचा माल भरून चोर्ल्याच्या वाटेनं गाड्या निघाल्या, तेव्हा आमच्या रानात गुडघ्याएवढी हिरवीगार झाडं, आणि आत काहीच नाही.

खरं नुकसान त्यानंतर झालं, आणि ते सरकारी कार्यालयांनी केलं. नाव घेत नाही. पहिल्या कार्यालयानं सांगितलं, भाजी आमच्याकडं येत नाही, दुसऱ्या खात्यात जा. दुसऱ्या खात्यानं पाकिटावरचा पत्ता बघितला: विक्रेता महाराष्ट्रातला आहे, तिकडं तक्रार करा. तिकडं गेलो तर म्हणाले, पीक कर्नाटकात आहे, आम्ही तिथं येऊन पंचनामा कसा करणार? परत इकडं आलो तर सांगितलं, अर्ज कन्नडमध्ये आणा. आणला. मग म्हणाले, न फोडलेलं पाकीट द्या. पेरलेल्या माणसाकडं न फोडलेलं पाकीट कुठून येणार? भावकीत एकाकडं एक शिल्लक निघालं म्हणून ते दिलं. प्रयोगशाळेचा अहवाल आला: उगवण प्रमाणात, शुद्धता प्रमाणात, बियाणं दर्जेदार. तक्रार बंद.

त्या अहवालात खोटं काही नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं. बी उगवलं नाही अशी आमची तक्रार नव्हतीच. आमची तक्रार होती की हे पावसाळ्यात गड्डा धरणारं बी नाही. ते दाणे भिजवून कळत नाही, त्यासाठी उभं पीक बघावं लागतं. मी प्रत्येक टेबलावर हात जोडून हेच सांगत होतो की एकदा रानात या. शेवटपर्यंत कुणी आलं नाही. पुढच्या लागणीसाठी रान मोकळं करावं लागलं आणि पुरावा तिथंच संपला. अधिकारी माणसं वाईट नव्हती, पण सीमेवरच्या शेतकऱ्याला 'तिकडं जा' म्हणणं फार सोपं असतं, आणि त्या दोन शब्दांत हंगाम निघून जातो.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये, पण आलीच तर तीन गोष्टी माहीत असू द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता पुण्याचा असो की गुजरातचा, तुम्ही बेळगावातच दाद मागू शकता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षं. दुसरं, राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे, बियाणे कायदा असला तरी त्याला ग्राहक मंचाकडं जाता येतं, आणि सगळं बी पेरून टाकलेल्या शेतकऱ्यानं तपासणीसाठी नमुना शिल्लक ठेवावा अशी अपेक्षा धरता येत नाही. तिसरं, वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये, नोंदणी झालेल्या वाणाचं अपेक्षित उत्पन्न काय ते शेतकऱ्याला सांगणं बंधनकारक आहे. तसं नाही आलं तर त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडं भरपाई मागता येते. हे सगळं आम्हाला कळलं तेव्हा आमची मुदत गेली होती.

म्हणून कॅटलॉगच्या त्या पानाचा फोटो ठेवा, विक्रेत्याला व्हॉट्सअॅपवर 'जूनच्या लागणीला खानापुरात गड्डा धरेल का' असं लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. पाकीट उघडताना लेबल फाडू नका. पावतीवर लॉट नंबर लिहून घ्या. कुठल्याही कार्यालयात अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

अजून एक. आपल्या एका जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीचा धो धो पाऊस आहे आणि अथणीचा दुष्काळही आहे. 'बेळगाव जिल्ह्यात यशस्वी' या ओळीला म्हणून अर्थ उरत नाही. कुठल्या तालुक्यात, कुठल्या मातीत, कुठल्या महिन्यात, ते विचारा. जमलं तर मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अरभावीच्या बागायत महाविद्यालयात विचारून बघा. तिथं कॅटलॉगमधलं बी विकायचं नसल्यामुळं उत्तर सरळ मिळतं, असा माझा अनुभव. तुमचा वेगळा असू शकतो.

शेवटच्या पानावरच्या रोपांचं थोडक्यात. नेहमीच्या सफरचंदाला हिवाळ्यात ७ अंशांखालचे हजारभर तास लागतात, ते आपल्याकडं नाहीत. कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ सारखी जात खरी आहे, पण ती कलमाचीच हवी, बियांपासून केलेलं रोप नको. हौसेला दोन लावा, दहा गुंठे नको. चंदन अर्धपरजीवी आहे, त्याला शेजारी तूर किंवा करंजासारखं दुसरं झाड लागतं, आणि गाभा भरायला पंधरा वर्षं तरी जातात. 'आम्हीच परत विकत घेऊ' म्हणणारी कंपनी तेव्हा असेल का, याचं उत्तर करारात शोधा. आणि निळ्या स्ट्रॉबेरीचं बी दाखवलं असेल तर तो कॅटलॉग तिथंच बंद करा. निळी स्ट्रॉबेरी नसते, आणि महाबळेश्वरचे शेतकरी स्ट्रॉबेरी बियांवर नाही, धावत्या फांद्यांच्या रोपांवर करतात.

तरीही मागवायचंच असेल तर यंदा एकच लहान पाकीट घ्या. शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण बघा आणि उरलेलं दोन वाफ्यांत लावून गड्डा धरतोय का ते बघा. तोवर मुख्य लागण तुमच्या भागात ज्या जातीवर लोकांचा भरवसा आहे तिचीच ठेवा. पाकीट आलं की लेबलाचा फोटो इथं टाका. लॉट नंबर, तपासणीची तारीख आणि वैधतेची तारीख नीट दिसू दे, मी वाचून सांगतो.