ईडीच्या सहीआधीचा एक रविवार

ऑक्टोबर लागला की मला एकच प्रश्न दहा तोंडांनी येतो. मॅडम, ईडी करायचं का? नाही केलं तर चान्स जाईल अशी भीती, केलं तर अडकून पडू अशी भीती, आणि घरात यावरून रोज वाद. पुण्यातल्या एका शाळेत मी बारावीच्या मुलांचं परदेशी कॉलेजांचं काम बघते आणि या प्रश्नाला मी पटकन हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. का देत नाही ते २०२४ च्या एका घराची गोष्ट सांगितली की कळेल. नावं सांगत नाहीये आणि दोनचार तपशील बदललेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ईडी म्हणजे अर्ली डिसिजन, म्हणजे अमेरिकेतल्या एकाच कॉलेजला लवकर, बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत, अर्ज करायचा आणि लिहून द्यायचं की तुम्ही घेतलंत तर मी येणारच, बाकीचे सगळे अर्ज मागे घेईन. निकाल डिसेंबरच्या मध्याला. आपल्याकडे अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की घ्यावंच लागतं ना, साधारण तसंच, फक्त इथे खर्च कोटींत जातो. त्या करारावर तीन सह्या लागतात, मुलाची, पालकांची आणि शाळेच्या कौन्सेलरची, म्हणजे माझी. अर्ली अ‍ॅक्शन हे वेगळं, त्यात उत्तर लवकर मिळतं पण बांधून घेत नाहीत. या दोन्हींची गल्लत दर वर्षी होते.

तर दसऱ्यानंतरचा रविवार होता. आई, बाबा, मुलगी आणि आजोबा असे चौघं आले. नातीच्या बाबतीत घरात सारखं ईडी ईडी ऐकून आजोबांना काळजी लागली होती, त्यांना आधी नीट सांगितलं की हे छापे टाकणारं ईडी नव्हे, मग ते जरा सावरून बसले.

बाबांनी लगेच मोबाईलवर एक चार्ट उघडला. त्यांचा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने पाठवलेला. तिकडे सगळे ईडीच करतात, चान्स दुप्पट तिप्पट होतो, असं त्याचं म्हणणं. आता आकडे खोटे नव्हते. ब्राऊन युनिव्हर्सिटीचंच घ्या, त्यांच्या २०२८ ला पदवी घेणाऱ्या बॅचसाठी ईडीत ६,२४४ अर्ज आले आणि ८९८ जणांना घेतलं, म्हणजे १४ टक्क्यांच्या वर, आणि रेग्युलरमध्ये, म्हणजे नेहमीच्या मुदतीत अर्ज करणाऱ्यांत, ४ टक्केसुद्धा नाहीत. हे बघून कुठल्याही आईबापाचा जीव तिकडे ओढला जाणारच. पण त्या ईडीच्या घोळक्यात कोण कोण असतं तेही बघायला हवं. कोचने आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, आणि ज्यांना चार कॉलेजांच्या फीची तुलना करायची गरजच नाही अशा घरातली पुष्कळ मुलं असतात. हे सगळे बाजूला काढल्यावर तुमच्या मुलीच्या वाट्याला नेमका किती फायदा उरतो ते तो चार्ट सांगत नाही. फायदा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, नक्की येणारी मुलं कॉलेजांना हवीच असतात आणि बरीच मोठी कॉलेजं निम्म्याच्या आसपास जागा ईडीतच भरून टाकतात. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने तर २००६ मध्ये अर्ली प्रवेश बंद करायचं जाहीर केलं होतं, कारण यात सुखवस्तू घरातली मुलं पुढे जातात आणि बाकीची मागे राहतात असं त्यांनाच वाटत होतं. २०११ मध्ये परत सुरू केले, पण आजही त्या दोघांचं अर्ली बांधून घेणारं नाहीये.

आणि न्यू जर्सीच्या काकांचा सल्ला त्यांच्या घराला बरोबर असेल. त्यांची मुलं अमेरिकन नागरिक, सरकारी मदतीचा फॉर्म भरता येतो, कॉलेजच्या साइटवर आपलं उत्पन्न टाकून अंदाजे किती भरावं लागेल ते बघता येतं. पुण्यातून जाणाऱ्या मुलीला ती सरकारी मदत नाही, आणि तो कॅल्क्युलेटर बहुतेक ठिकाणी तिच्यासाठी बनवलेलाच नसतो.

मी विचारलं, पैशांचं काय ठरलंय? बाबा म्हणाले, बघू ना मॅडम, आधी मिळू तर दे. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय ना, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो, कारण बाबा म्हणतात बघू आणि मुलीला ऐकू येतं हो.

मुलीच्या मनातली युनिव्हर्सिटी न्यूयॉर्क राज्यातली, प्रायव्हेट. राहणं-खाणं धरून वर्षाचा खर्च ९०,००० डॉलर. तेव्हा डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे वर्षाला ७५ लाखांच्या वर आणि चार वर्षांचे ३ कोटी, तेही फी वाढली नाही आणि रुपया घसरला नाही तर. मी हे बोर्डावर लिहिलं, तिघांना तीन कोरे कागद दिले आणि म्हटलं, एकमेकांचं न बघता लिहा, चार वर्षांत हे घर सगळं मिळून किती देऊ शकतं, कर्ज धरून. आजोबा म्हणाले मलाही द्या एक कागद. दिला.

बाबांनी लिहिलं होतं दीड कोटी. आईने ८० लाख, आणि खाली बारीक अक्षरात, जमीन धरलेली नाही. मुलीने लिहिलं होतं, माहीत नाही, बाबा बघू म्हणालेत. आणि आजोबांच्या कागदावर आकडाच नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, साताऱ्याकडची जमीन विकायला माझी ना नाही पण मला अजून कोणी विचारलेलं नाही.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, अशा वेळी कौन्सेलरने गप्प बसायचं असतं.

मग बाबांनी जरा वेळाने तो दुसरा मार्ग काढला, जो मला सगळ्यात जास्त घाबरवतो. आत्ता फॉर्मवर कॉलेजकडून पैशांची मदत नको असं टाकू, म्हणजे चान्स वाढेल, आत गेल्यावर मागू. चान्सचं ते चूक बोलत नव्हते, बऱ्याच कॉलेजांत परदेशी मुलाने मदत मागितली की निवड करताना ते बघितलं जातं. पण त्याच कॉलेजांपैकी कित्येकांचा नियम असतो की प्रवेशाच्या वेळी मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येणार नाही. हे आपण ज्या कॉलेजला अर्ज करतोय त्याच्याच साइटवर वाचायचं, ओळखीतल्या कोणाचं तरी झालं होतं यावर जायचं नाही. आणि नाही जमलं तर सोडता येतं ना, याचं उत्तर असं, की मदत मागितली होती आणि कॉलेजने दिलेली मदत पुरत नाही, तर ईडीतून मोकळं होता येतं, ते रास्त कारण धरतात. पण सगळे पैसे आम्ही भरू असं लिहून देऊन नंतर पैसे नाहीत म्हणणं, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा. काही वर्षांपूर्वी माझ्याच एका विद्यार्थ्याच्या घरून असं झालं होतं. सही माझीही होती. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजला जाऊ बघणाऱ्या दुसऱ्या मुलीचं शिफारसपत्र लिहिताना माझा हात थांबत होता, की आता आपल्या शाळेच्या शब्दावर हे लोक विश्वास ठेवतील का.

नंतर मुलीला एकटीला बसवलं. म्हटलं, समज डिसेंबरात येस आला, त्या रात्री काय वाटेल? ती म्हणाली, बाबांचं टेन्शन जाईल. मी म्हटलं तुला काय वाटेल? खूप वेळाने म्हणाली, बाकीच्या कॉलेजांनी काय सांगितलं असतं ते कधी कळणारच नाही ना मग. तिच्या यादीत नऊ कॉलेजं होती आणि ओहायोतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजबद्दल ती ज्या उत्साहाने बोलली, तिथल्या प्रोफेसरांचं काय काय वाचलंय ते सांगत बसली, तसं त्या न्यूयॉर्कवालीबद्दल एकदाही बोलली नव्हती. न्यूयॉर्कवालीचं नाव मोठं आणि ते बाबांना माहीत होतं, एवढंच.

शेवटी ईडी केलं नाही. दोन सरकारी युनिव्हर्सिट्यांना अर्ली अ‍ॅक्शन, त्यांची १ नोव्हेंबर नेमकी लक्ष्मीपूजनाला आली, आईने फराळाचं ताट लॅपटॉपशेजारी ठेवलेला फोटो पाठवला होता. बाकी सात रेग्युलरला, मदत मागून.

मार्चच्या शेवटी न्यूयॉर्कवालीचा नकार आला. मुलगी माझ्यासमोर रडली आणि आईने फोन करून विचारलं, ईडी केलं असतं तर मिळालं असतं का हो? मी म्हटलं मिळालं असतंही कदाचित. हे लपवण्यात काही अर्थ नव्हता. पण मिळालं असतं तर त्या आठवड्यात आपण सगळे ३ कोटींचं काय करायचं यावर बसलो असतो, जमिनीला गिऱ्हाईक शोधत. एप्रिलमध्ये तिच्या हातात तीन ऑफर होत्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघता आल्या, आणि १ मेच्या आत तिने ओहायोला हो कळवलं. मदत धरून घराला वर्षाला साधारण २२ लाख पडतात, म्हणजे आईच्या आकड्याच्या थोडं वर, कर्ज काढलंय, जमीन आहे तशी आहे.

त्याच वर्षी मी दुसऱ्या एका मुलाच्या ईडीवर अगदी आनंदाने सही केली. त्याच्या घरचे पैसे बाजूला काढून ठेवलेले होते, आकडा त्याला नववीपासून माहीत होता, तीन वर्षं तो एकाच कॉलेजबद्दल बोलत होता. डिसेंबरमध्ये त्याचं झालं, बोर्डाचा अभ्यास शांतपणे केला. त्याला मी थांबवलं असतं तर चूक झाली असती. ज्यांचं ऑक्टोबरपर्यंत ठरत नाही त्यांच्यासाठी जानेवारीत ईडी टू पण असतं, बरीच कॉलेजं देतात, तेही तितकंच बांधून घेणारं, पण बोलायला दोन महिने जास्त मिळतात.

तेव्हा ज्यांच्या घरात सध्या हा वाद चालू आहे त्यांनी माझ्याकडे फॉर्म घेऊन यायच्या आधी घरी कागद वाटा. बाबांना, आईला, मुलाला, आणि जमीन ज्यांच्या नावावर आहे त्यांनाही. न बघता लिहा, मग एकमेकांचे वाचा, आणि ते सगळे कागद घेऊन या.