‘शाळेत नुसतं खेळवतात हो!’

मुलांच्या अभ्यासाच्या अडचणी घेऊन पालक माझ्याकडे येतात. पहिली घटक चाचणी झाली की दादरच्या माझ्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. यंदा एकाच आठवड्यात तिघी आया तेच म्हणाल्या, ‘मॅडम, शाळेत नुसतं खेळवतात, शिकवत काहीच नाहीत.’ त्यांच्यासाठी तिसरीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. नाव आणि तपशील बदलले आहेत. त्याला ओम म्हणू.

ओम परळचा, वडील बसवर कंडक्टर. शाळा मराठी माध्यमाची, वस्तू हाताळून, गटात बोलत शिकवणारी. आईला धास्ती, म्हणून पहिलीपासून शिकवणी. तिथे फळ्यावर रीत लिहिली जायची, ती मुलांनी जशीच्या तशी उतरवायची. ‘तोंडी सगळं येतं, पेपर मात्र कोरा,’ आई सांगत होती.

मी दोन्हीकडच्या वह्या मागवल्या. शिकवणीची अगदी स्वच्छ. शाळेच्या वहीत खोडून खोडून कागदाला भोकं पडलेली. मी त्या भोकांवरून बोट फिरवत राहिले. इतकं काय खोडत असेल हा?

तिसऱ्या भेटीत चिंचोके काढले. ‘हे 42 आहेत. त्यातले मला 17 दे. तुझ्याकडे किती उरतील?’

त्याने चिंचोक्यांना हातही लावला नाही. ओठ हलले. ‘पंचवीस.’

‘कसं काढलंस रे?’

त्याने आधी आईकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, ‘वीस देऊन टाकले. बावीस उरले. पण तुम्हाला सतराच हवे होते, म्हणून तीन परत घेतले.’ आणि लगेच, ‘पण असं करायचं नसतं ना?’

त्या प्रश्नात मला भोकांचं उत्तर मिळालं. हातच्याची वजाबाकी अडलेला मुलगा नव्हता हा. शाळा म्हणते, तू विचार कर, मग सांग. शिकवणी म्हणते, विचार नको, दाखवलं तसं कर. ज्ञान मुलाच्या आत उभं राहतं की बाहेरून त्याच्यात ओतायचं असतं, यावर मोठ्यांचे दोन पक्ष. आणि आठ वर्षांचं पोर दोन्हीकडे शहाणं ठरायला धडपडतंय. स्वतःची रीत लिहायची, चुकीची समजून खोडायची, दुसरी आठवायची नाही. पेपर कोरा!

आईला वाटत होतं, शाळेचं हे सगळं नवं फॅड. मी तिला सांगितलं, गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी भावनगरला लहान मुलांसाठी बालमंदिर काढलं ते 1920 मध्ये. आपल्या मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून आल्या आणि 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी सुरू केली. पुढे तिथल्याच कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर शंख-शिंपले, खडे, पानं हीच साधनं झाली. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मूल स्वतः ज्ञान रचतं, हेच धरलं. मी याच विचाराची आहे, ते लपवत नाही.

म्हणून पाढे पाठ करू नयेत, असं मात्र माझं म्हणणं नाही. पाढे पाठच हवेत. डोकं विचाराला मोकळं राहतं. पण समज आल्यावर पाठांतर आणि समजेऐवजी पाठांतर, यांत फार अंतर आहे. आणि ‘नुसतं खेळवतात’ अशी शंका आली तर एकदा बाईंना विचारा, ‘या खेळातून तो आज काय शिकला?’ चांगल्या बाई नेमकं सांगतील. सांगता आलं नाही, तर तुमची शंका रास्त आहे.

ओमच्या आईला मी दोनच गोष्टी सांगितल्या. उत्तर बरोबर की चूक म्हणण्याआधी ‘कसं काढलंस?’ विचारा. आणि महिनाभर खोडरबर दप्तरातून काढून ठेवा. चुकलं तर एक आडवी रेघ. शिकवणी बंद करायला सांगितलं नाही, तिथल्या बाईंशी बोलायला सांगितलं. त्या बाईंनी आधी नाक मुरडलं, पण ऐकलं.

वडील कधी आले नव्हते. महिन्याने त्यांचाच फोन आला.

‘मॅडम, काल मी त्याला 63 वजा 28 घातलं. पस्तीस म्हणाला. मी म्हटलं, बरोबर. तर मलाच विचारतो, बाबा, तू कसं काढलंस?’

‘मग?’

‘मग काय, बसलो विचार करत. अठ्ठावीसचे तीस, तिसाचे त्रेसष्ट. अहो, वीस वर्षं बसमध्ये सुट्टे असेच देतोय मी!’