गठ्ठ्यावरची तिरकी रेघ

प्रश्न : माझे वडील १९७० च्या सुमारास मुंबईत एका कचेरीत आयबीएम १४०१ या संगणकावर काम करायचे. त्यांच्या पेटीत भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा सापडला. वरच्या कडेवर निळ्या पेन्सिलीची तिरकी रेघ आहे, मधे मधे तुटलेली. बऱ्याच कार्डांच्या उजव्या कडेला बारीक खाच आहे. हे काय असावं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : रेघ ओढणारा माणूस शहाणा होता. प्रोग्रॅमचं एक कार्ड म्हणजे एक ओळ. गठ्ठा हातातून निसटला की ओळी फरशीभर. रेघ असली की ती जुळेपर्यंत कार्डं मागेपुढे करायची, बस्स. जिथे रेघ तुटली आहे तिथे मागाहून दुरुस्ती झाली, नवं कार्ड घातलं गेलं. त्यावर रेघ कुठून असणार? म्हणजे वडिलांनी कुठे डोकं खाजवलं होतं, ते प्रोग्रॅम न वाचताही कळेल तुम्हाला.

शिस्तीची माणसं कार्डाच्या ७३ ते ८० या उभ्या रकान्यांत अनुक्रमांकही पंच करायची. मग गठ्ठा सॉर्टरला, म्हणजे कार्डं क्रमानं लावणाऱ्या यंत्राला. तो एका फेरीत एकच रकाना बघे, त्यातल्या अंकाप्रमाणे कार्ड वेगवेगळ्या खणांत टाके, आणि सुरुवात उजवीकडून: आधी एकं, मग दहं, मग शतं. नव्या पोरांना हे उलटं वाटे. पण एका खणात पडलेली कार्डं आधीच्या फेरीतला क्रम सोडत नाहीत, म्हणून शेवटी सगळं बरोबर लागतं. ०८३ सॉर्टर मिनिटाला हजार कार्डं फेकायचा, ती उचलताना आमचीच धांदल.

खाचेबद्दल जरा जास्त बोलते, कारण मी पंचिंगला होते. एकीनं कार्ड पंच केलं की दुसरी तोच कागद समोर ठेवून व्हेरिफायरवर सगळं पुन्हा टाइप करायची. व्हेरिफायर भोकं पाडत नसे, असलेली ताडून बघे. सगळं जुळलं तर उजव्या कडेला खाच. नाही जुळलं तर चुकलेल्या रकान्याच्या डोक्यावर. त्यामुळे तपासलेला गठ्ठा कडेनं पाहिला की खाचांची सरळ खोबण दिसायची आणि न तपासलेलं कार्ड लगेच डोळ्यांत खुपायचं. कौतुक मात्र पाहुण्यांसमोर यंत्राचंच व्हायचं. तेच आकडे दोनदा बडवणाऱ्या मुलींचं नाही.

कार्डं वाचायची असतील तर उजेडाला धरा. अंकाला एक भोक, अक्षराला दोन. ए म्हणजे सगळ्यात वरच्या ओळीत (तिलाच बारावी म्हणत) एक भोक आणि एकच्या ओळीत एक. बी असेल तर खालचं दोनच्या ओळीत.

कार्डं दमट होऊ देऊ नका. पावसाळ्यात ती फुगायची आणि मिनिटाला ८०० कार्डं ओढणाऱ्या १४०२ रीडरमध्ये अडकून चुण्या पडून निघायची. आणि गठ्ठ्याला रबरबँड असेल तर आजच काढा, कडा चावतो तो. जाड पुठ्ठ्याच्या डब्यात घट्ट उभी ठेवा.