वाचकांचे प्रश्न : स्टाफरूमचा वाचनगट, पुस्तक निवडायचं कोणी?

प्रश्न : ताई, मी नागपुरात महाल भागातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मागच्या जुलैत आम्ही शिक्षकांनी वाचनगट सुरू केला. महिन्याला एक पुस्तक, आणि शेवटच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की स्टाफरूममध्ये तासभर चर्चा. सुरुवातीला चौदा जण होते, आता सहा उरले. पुस्तक आम्ही व्हॉट्सॲपवर मतदान घेऊन ठरवतो, तरी निम्मे जण न वाचताच येतात. विचारलं तर "मॅडम, वेळच नाही मिळून राहिला," असं उत्तर मिळतं. मुख्याध्यापक म्हणतात, शिक्षणविषयक पुस्तकंच घ्या, म्हणजे शाळेला काही उपयोग होईल. गट मोडू नये असं फार वाटतं. काय करावं?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : सगळ्यात आधी ते मतदान बंद करा.

मतदानात निवडून येतं ते कोणाचीच हरकत नसलेलं पुस्तक. सगळ्यांनी "चालेल" म्हटलेलं. आणि "चालेल" म्हटलेल्या पुस्तकासाठी कोणी झोप मोडत नाही. वेळ नाही ही तक्रार खोटी नाही. मतदार याद्यांची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे, हे सगळं मी नोकरीत असताना जवळून पाहिलं आहे. पण आवडीचं हाती पडलं की हीच माणसं बसमध्ये उभ्यानं वाचतात, हेही पाहिलं आहे.

त्याऐवजी पाळी लावा. महिना एकाचा. त्या महिन्याचं पुस्तक त्यानं एकट्यानं निवडायचं आणि बाकीच्यांनी नाक न मुरडता घ्यायचं. अट इतकीच की निवडणाऱ्यानं ते आधी पूर्ण वाचलेलं हवं, आणि आपल्या सहकाऱ्यांना हेच का द्यावंसं वाटलं ते त्याला सांगता आलं पाहिजे. माझ्या शाळेत आम्ही वर्षानुवर्षं असंच चालवलं. एकदा पाळी आली पीटीच्या सरांची. सगळ्यांना वाटलं, एखाद्या खेळाडूचं चरित्र येणार. त्यांनी आणली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ सालची ही छोटीशी कादंबरी माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेल्या तरुण मास्तराची आहे. आम्ही भाषेच्या बाया त्यातली माणसं, दुष्काळ, भाषा यावर बोलायला तयार होऊन आलो होतो. सरांनी मात्र तालीम उभी राहते तो भाग काढला. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून मास्तर रुसून बसत नाही, वाडीला आपली वाटेल अशी एक वास्तू उभी करायला सगळ्यांना कामाला लावतो, तेव्हा कुठे तो वाडीचा होतो, असं ते अगदी कळकळीनं मांडत होते. मैदानावर रोज तेच करणारा माणूस तो! त्या दिवशी तासाचे दोन तास झाले आणि चहावाल्याला पुन्हा बोलवावं लागलं. ही कादंबरी मतदानाला ठेवली असती तर "शाळेत असताना वाचली आहे" म्हणून पहिल्याच फेरीत बाद झाली असती.

दुसरं सांगते, आणि याबद्दल मला फार मनापासून वाटतं. गट फक्त शिक्षकांचा ठेवू नका. ऑफिसमधले बाबू, ग्रंथपाल, प्रयोगशाळेतला परिचर, चपराशी, सगळ्यांना बोलवा आणि पुस्तक निवडण्याच्या पाळीतही धरा. आम्ही उद्धव शेळक्यांची 'धग' घेतली होती. १९६० सालची ही कादंबरी वऱ्हाडातली, कौतिक नावाच्या कष्टकरी बाईची. आम्हा नागपूरकरांना वऱ्हाडी समजते, पण संवाद मोठ्यानं वाचायला घेतले की जीभ अडखळते. आमच्या संस्कृतच्या मॅडमनी चार ओळी वाचल्या आणि पुस्तक प्रयोगशाळेच्या परिचराकडे सरकवलं. तो वऱ्हाडातला, दर्यापूरकडचा. त्यानं वाचायला सुरुवात केली आणि कौतिक कुठे आवाज चढवते, कुठे शब्द गिळून टाकते, ते पहिल्यांदा आमच्या कानावर पडलं. मध्येच थांबून तो म्हणाला, "माही आजी अशीच बोले." पुढच्या महिन्याची पाळी आम्ही त्यालाच दिली.

आता पुस्तक न वाचताच बैठकीला येणाऱ्यांचं. त्यांना येऊ द्या. कोणी किती पानं वाचली हे विचारूच नका, सारांश तर कोणाला सांगायला लावू नका. सारांश आला की परीक्षा आली, आणि दिवसभर दुसऱ्यांची परीक्षा घेणाऱ्यांना शनिवारी स्वतःची नको असते. बैठकीची सुरुवात निवडणाऱ्यानं दोन-तीन पानं मोठ्यानं वाचून करायची. मग ज्यानं काहीच वाचलं नाही त्याच्याजवळही बोलायला निदान तेवढी पानं असतात. त्यातले बरेच जण घरी जाताना पुस्तक मागून नेतात. बैठकीनंतर वाचलेलं पुस्तकही वाचलेलंच असतं.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. त्यांनाही पाळी द्या, मात्र इतरांइतकीच. वर्षातून एक महिना त्यांचा, आणि त्या महिन्यात शिक्षणविषयक पुस्तक खुशाल येऊ दे. तेत्सुको कुरोयानागींचं 'तोत्तोचान' सुचवा. एका शाळेतून काढून टाकलेली तोत्तोचान नावाची जपानी मुलगी रेल्वेच्या डब्यांत वर्ग भरणाऱ्या शाळेत जाते. तिचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या भेटीत तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. त्यातलं एक प्रकरण बैठकीत जरूर वाचा. तोत्तोचानची पाकीट-पर्स संडासात पडते. ती मागची टाकी उघडून एकटीच घाण उपसायला लागते, शेजारी ढीग साचत जातो. कोबायाशी तिथून जाताना बघतात, काय चाललंय ते विचारतात, आणि झालं की सगळं परत आत टाकशील ना, एवढंच म्हणून निघून जातात. पर्स काही सापडत नाही, पण मुलगी सगळं जिथल्या तिथे टाकते. हे वाचून झाल्यावर प्रत्येकानं सांगायचं, की आपण तिथून जात असतो तर काय म्हटलं असतं. मी खात्रीनं सांगते, तुमच्या मुख्याध्यापकांना एखाद्या प्रशिक्षणवर्गात मिळालं नसेल इतकं त्या अर्ध्या तासात मिळेल. मात्र बाराही महिने शिक्षणावरचीच पुस्तकं घेतलीत, तर शनिवारची बैठक शाळेचाच आणखी एक तास होऊन बसेल. भूगोलाच्या शिक्षकाला कविता आणू द्या, गणिताच्या मॅडमना मारुती चितमपल्लींचं रानावरचं पुस्तक आणू द्या. नवेगाव बांधचं जंगल वाचून आलेला शिक्षक सोमवारी वर्गात वेगळंच बोलतो.

प्रश्न : आम्ही दहा जण आहोत आणि शाळेच्या ग्रंथालयात प्रत एकच. एका सहकाऱ्यानं पीडीएफ मिळवून गटात टाकली. हे बरोबर आहे का? दुसरं, आमच्यातले तिघे हिंदी भाषक आहेत, त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो.
– एक शिक्षक, सदर, नागपूर

उत्तर : बरोबर नाही. ज्या लेखकावर तासभर भरभरून बोलायचं, त्याचंच पुस्तक चोरून वाचायचं, हे शिक्षकांनी तरी करू नये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्यानंतर मजकूर सगळ्यांना खुला होतो. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, म्हणून 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा मूळ मजकूर तुम्ही बिनधास्त छापून वाटू शकता. त्यांचे पती नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त आपल्या नागपुरात होते, ते दिवसही त्यात आहेत. साने गुरुजींचं लेखनही असंच खुलं आहे.

बाकी पुस्तकांना दोन प्रती पुरतात, पुस्तक दोन महिने आधी जाहीर केलं तर. एका वहीत नावं आणि तारखा लिहा, पाच दिवसांत पुस्तक पुढच्याच्या हातात गेलं पाहिजे. एखादी प्रत बर्डीच्या बाजारात विकत घ्या, दुसरी सार्वजनिक वाचनालयातून आणा. दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांची रांगच्या रांग लागते, तिथे सगळ्यांनी मिळून जा. कमी पैशांत पिशवीभर पुस्तकं येतात आणि पुढच्या चार-पाच महिन्यांची निवड तिथेच उभ्या-उभ्या ठरते. दिवाळीनंतरच्या महिन्यात तर एकच पुस्तक हवं कशाला? प्रत्येकानं वेगळा दिवाळी अंक घ्यायचा आणि त्यातली आपल्याला आवडलेली एक कथा बैठकीत वाचायची.

हिंदी भाषक सहकाऱ्यांसाठी दोन्ही भाषांत मिळणारी पुस्तकं मधून मधून घ्या. 'तोत्तोचान' नॅशनल बुक ट्रस्टनं मराठीत आणि हिंदीतही काढलं आहे. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' मूळ गुजराती, १९३२ सालचं, तेही दोन्हीकडे वाचायला मिळतं. आणि त्यांची पाळी आली की त्यांनी खुशाल हिंदी पुस्तक द्यावं. नागपूरच्या स्टाफरूममध्ये हिंदी न कळणारा शिक्षक मला तरी भेटलेला नाही.

प्रश्न : फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीच्या परीक्षा आणि पेपर तपासणी. तेव्हा गट बंद ठेवावा का?
– एक वाचक, वर्धा रोड, नागपूर

उत्तर : बंद ठेवू नका, हलका करा. एकदा दोन महिन्यांचा खाडा पडला की जूनपर्यंत कोणी परत येत नाही. फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिन असतोच, २७ तारखेला. त्या आठवड्यात अर्ध्या तासाची बैठक घ्या, प्रत्येकानं एक कविता वाचायची, चर्चा केली तरी चालेल, नाही केली तरी. मार्चला एकच कथा घ्या, मधल्या सुट्टीत वाचून होईल एवढी. जाडजूड कादंबरी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बाहेर पडवत नाहीच. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हाच्या पहिल्या शनिवारी त्या कादंबरीवर बसा, आणि जुलैची पाळी नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाला द्या.